विधान क्रमांक चौदा

मनुष्यबळ विभागाकडून आली आहे:
निवृत्तीपूर्व प्रश्नावली. वेळ सहा मिनिटं. नाव गुप्त राहील.
विधान पहिलं:
माझ्या कामाला अर्थ आहे, असं मला वाटतं.
अजिबात सहमत नाही, पासून पूर्ण सहमत, पर्यंत.

हसूच फुटलं.
हे वाक्य माझं आहे.

सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी. टांपेरेच्या वरच्या अंगाला,
गोठलेल्या तळ्याकाठी, कागद गिरणीचं उपाहारगृह.
गुरुवार होता. गुरुवारी तिथं वाटाण्याचं सूप.
मी सत्तावीस वर्षांची, चारशे बारा कोरे फॉर्म,
आणि टोक काढलेल्या पेन्सिलींचा डबा
सोनाराच्या तराजूसारखा समोर मांडलेला.

टाउनो हुर्मे, यंत्र क्रमांक तीन,
प्रत्येक विधानाला म्हणाला, तीन.
बाविसाच्या बावीस विधानांना तीन.
असं का, विचारलं.
म्हणाला, दोन म्हटलं तर तक्रार होते,
चार म्हटलं तर फुशारकी.
मी वहीत लिहिलं: मध्यबिंदूकडे कल.
शास्त्राचा शब्द किती पटकन सापडतो
माणूस समोर बसलेला असताना.

राइली व्हेंटिनेन,
कागद तपासणी, एकवीस वर्षं.
तिनं फॉर्म आधी वाचलाच नाही.
अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला,
उजेडाकडे धरला, म्हणाली, हा आमचा नाही.
मग सगळी पानं भरली, नीट, शाळेतल्यासारखी,
आणि उठता उठता:
एक विचारायचं राहिलं तुझं.
मी एक दिवस आले नाही
तर कोणाच्या लक्षात येतं का?

तेच पुढच्या मसुद्यात विधान चौदा.

संगणकघरातून हिरव्या पट्ट्यांचा कागद निघाला, हातभर, मग खोलीभर.
एकवीस विधानं आपापल्या घटकात जाऊन बसली.
चौदावं दोन्हीकडे सारखंच झुकलेलं,
इकडे शून्य पूर्णांक एक्केचाळीस, तिकडे एकोणचाळीस,
ना सासरचं ना माहेरचं.
प्राध्यापक एस्कोलांनी रेघ मारली. पेन्सिलनंच,
म्हणजे खोडता आली असती.
मी खोडली नाही.
विश्वसनीयता एकोणऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर गेली.
मला पद मिळालं.

पुढचं सगळं माझ्या कार्यवृत्तात आहे.
चोवीस भाषांत भाषांतर.
गालिचे अंथरलेली हॉटेलं, गळ्यात नावाची पट्टी,
कोरियातला एक तरुण, वाकून म्हणाला,
मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही हयात नाही.
कार्यवृत्तात नाही ते एवढंच, की
दोन हजार सहाच्या वसंतात गिरणी बंद झाली,
आणि त्याच्या आदल्या शरदात
व्यवस्थापनानं समाधान मोजून घेतलं होतं
माझ्याच मोजपट्टीनं.
सरासरी तीन पूर्णांक नऊ.
उत्तम, असं मीच लिहून दिलं होतं.
बिल पाठवलं होतं.

या नोव्हेंबरात मी नऊ दिवस आले नाही. फुप्फुसात पाणी.
विभागाचं सगळं सुरळीत चाललं,
ईमेलला माझ्या वतीनं एक वाक्य उत्तरं देत होतं.
दहाव्या दिवशी खोली उघडली तर
जिरेनियमची माती ओली.
हिबाक, पहाटे सफाईला येते,
दारात झाडू टेकवून म्हणाली,
चार दिवस वाट पाहिली, मग मीच घातलं.
आमची बोलणी याआधी कधी
नमस्काराच्या पुढे गेली नव्हती.
तिला प्रश्नावली येत नाही; ती कंत्राटदाराची माणूस.

तर, सगळीकडे तीन. खालपर्यंत तीन.
टाउनो, आत्ता कळतंय, तू उत्तर देत नव्हतास.

शेवटी एक चौकोन:
आणखी काही सांगायचंय? दोनशे पन्नास अक्षरांत.
मी चौदावं विधान लिहिते, शब्दाला शब्द.
खाली हिबाकचं नाव. नाव खोडते, तिला त्रास नको.
पुन्हा लिहिते.
बरीच अक्षरं उरतात.

राइली असती
तर तिनं पडद्यावरून अंगठा फिरवला असता,
काच, थंड, आरपार काही न दिसणारी,
आणि म्हणाली असती,
हाही आमचा नाही.